परदेशात बघा म्हणे

आईकडच्या नातेवाईकांचा आमचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे त्यात एकेचाळीस माणसं आहेत आणि त्यातली परदेशात राहणारी मी एकटी. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

तर नवरात्रात, आमची तिकिटं काढून, सगळ्यांना तारखा कळवून झालेल्या असताना माझ्या मावसभावाने, दादाने, ग्रुपवर भलीमोठी पोस्ट टाकली. फॉरवर्ड असती तर सोडून दिलं असतं, पण स्वतः बसून लिहिलेली. म्हणणं असं की दिवाळीत लहान मुलांना घेऊन घरोघरी हिंडणं आता बंद करा, सुट्टी मुलांची असते, ओळख ना पाळख अशा माणसांच्या पाया पडायला लावायचं, गाल ओढून घ्यायचे, सातव्या घरी सातवी चकली खात 'कितवीत आहेस' याचं उत्तर द्यायचं, याला संस्कार म्हणत नाहीत. म्हणून ते चौघं यंदा व्हिएतनामला चालले होते. इथपर्यंत ठीक आहे, जा बाबा. पण शेवटची ओळ होती, 'परदेशात बघा, प्रत्येक फॅमिली आपापली सुट्टी घालवते, कोणी कोणाच्या घरी जाऊन बसत नाही.' त्यावर बावीस अंगठे. एका मामेबहिणीने वर 'अगदी खरंय, तिकडे प्रायव्हसी असते' असंही लिहिलं.

अरे पण परदेशात मी आहे ना! अकरा वर्षं जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये काढली, मला विचारा की एकदा.

रिप्लाय टाईप करायला घेतला तो इतका लांबला की पाठवलाच नाही. त्यातलंच इथे लिहितेय.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब आहे, त्यांची मोठी मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात, तिसरीत. हेर्ब्स्टफेरियन, म्हणजे ऑक्टोबरमधली शाळेची सुट्टी, लागली की पहिल्याच शनिवारी सकाळी गाडीत रबरी बूट, पतंग, कुत्रा आणि मुलं कोंबून ते म्युन्स्टरच्या पलीकडे ओमाकडे, म्हणजे आजीकडे, जातात, रविवारी रात्री आईबाप दोघंच परत आणि सोमवारी ऑफिसला हजर. आठवडाभर मुलं आजीआजोबांच्या ताब्यात. चेस्टनट गोळा करा, भोपळा कोरा, ओमाच्या शेजारणीला हात मिळवून गुटेन टाग म्हणा. लेकीच्या वर्गात सुट्टीनंतर विचारलं तर अशी बरीच निघतात. आणि यात फार काही उदात्त नाहीये, साधा हिशेब आहे. शाळेला वर्षाला बारा आठवड्यांच्या वर सुट्ट्या आणि नोकरीत बऱ्याच ठिकाणी ३० दिवस रजा, कायद्याने बघायला गेलं तर आठवड्याचे पाच दिवस काम करणाऱ्याला २० दिवसच. मधल्या वेळात मुलं ठेवायची कुठे? ओजीएस, म्हणजे शाळेतच मुलं सांभाळायची सोय, असतं, पण तेही सुट्टीत काही आठवडे बंद. मग ओमा झिंदाबाद. ही ऑक्टोबरची सुट्टी पूर्वी तर बटाटे काढायला मुलं शेतावर हवीत म्हणून असायची, कार्टोफेलफेरियन म्हणायचे तिला. आता बटाटे यंत्राने निघतात आणि मुलं ओमाकडे.

आणि रविवारचं काफे उंड कूखेन, म्हणजे दुपारी कॉफी आणि केक? तीनला बोलावलं की तीनला बेल वाजवायची, घरातल्या चपला घालायच्या, मनुका घातलेला केक खात पाऊण तास कोणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल ऐकायचं. कोणी कोणाकडे जाऊन बसत नाही म्हणे. बसतात दादा, बसतात, फक्त आधी फोन करून बसतात आणि उठायची वेळ झाली की उठतात.

बरं, आम्हाला यायला काय काय जुळवावं लागतं तेही ऐका. दिवाळी पंचांगाने येते आणि आमची सुट्टी राज्य सरकारच्या तक्त्याने. दोन्ही एकत्र येणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग, तो २०२५मध्ये आला. सुट्टी १३ ते २५ ऑक्टोबर, वसुबारस १७ला, लक्ष्मीपूजन २१ला, भाऊबीज २३ला, म्हणजे आख्खी दिवाळी सुट्टीत. २०२६ला अधिक ज्येष्ठ, त्यामुळे लक्ष्मीपूजन जाणार ८ नोव्हेंबरला आणि आमची सुट्टी ३१ ऑक्टोबरलाच संपणार. शाळेला जाऊन सांगा बरं, आमचा सण आहे, मुलीला आठवडाभर सोडा. सणाचा एखादा दिवस देतात, पण सुट्टीला जोडून दोन दिवस लांबवले तर दंड बसू शकतो. बायर्नमध्ये, म्हणजे बव्हेरियात, तर २०१८ला सुट्टी लागायच्या आधी पोलिसांनी विमानतळावरच शाळेच्या वयाची मुलं बघून आईबापांकडे चौकशी केली होती. आणि आपल्याकडे वास्तुशांतीसाठी चार दिवस शाळा बुडवणारे लोक मला मुलांच्या हक्कांवर लेक्चर देणार.

असो. आलो.

नवऱ्याने एक्सेल केली होती. तेरा दिवस, सोळा घरं. पुण्यात सासरची नऊ, सांगलीत माहेरची सात. रंग वेगवेगळे, जेवणाचं घर हिरवं, फक्त चहाचं पिवळं, प्रत्येक ठिकाणी पंचेचाळीस मिनिटं. हसू नका, अशी शीट तुमच्याही ओळखीतल्या कुठल्या तरी परदेशी पाहुण्याकडे असणार, फक्त तो दाखवत नाही. पुण्यात एक गोष्ट मात्र मला मनापासून झोंबली. कोथरूडच्या चुलत जावेकडे सिंहगड रोडचे दीर-जाऊ पण आले होते आणि दोघी एकमेकींना म्हणतायत, 'बघ, ही आली म्हणून आपली भेट झाली, मागच्या वेळी हीच आली होती तेव्हा.' दोघींच्या घरात ट्रॅफिक धरून अर्धा तास! मी जवळजवळ सात हजार किलोमीटरवरून येते, दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन. तिथे मला खरंच जरा माज चढला, म्हटलं नाती टिकवायची तर आम्हीच टिकवतो, तुम्ही व्हिएतनामला जा.

हा माज आत्यासासूबाईंकडे उतरला.

आमची मुलं मराठी बोलतात बरं का, हे मी सगळीकडे न विचारता सांगत होते. लेकीचा र घशातून येतो, पण बोलते. तर आम्ही बसलो, फराळाच्या ताटल्या आल्या आणि लेक खणखणीत मराठीत म्हणाली, 'आई, आपण इथे किती वाजेपर्यंत आहोत?' तिच्या दृष्टीने साधा प्रश्न. तिकडे वाढदिवसाच्या आमंत्रणावरसुद्धा १५ ते १८ असं छापलेलं असतं. पण हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. सासूबाई माझ्याकडे बघतायत, मी चिवड्यातले शेंगदाणे मोजतेय. आत्याबाईंनी वेळ निभावून नेली, 'अगं अजून तर माझी पापी पण घेऊ दिली नाहीस' म्हणत त्या पुढे झाल्या आणि लेकीने किटात, तिकडच्या बालवाडीत, शिकवतात तसा तळहात समोर धरला आणि ओरडली, 'श्टॉप!'

त्या दोनतीन सेकंदांत मला दादाची पोस्ट ओळीनओळ आठवली. कारण घरी, ड्युसेलडॉर्फमध्ये, तिला हे असं हात धरून नाही म्हणता येतं याचं मला केवढं कौतुक आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंना मी ते अभिमानाने सांगितलेलं आहे. आणि इथे मी काय केलं, तर दात आवळून म्हणाले, 'अगं आजी आहे ती, देऊ दे की.' आत्याबाई ब्याऐंशीच्या, त्याच माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या. म्हणाल्या, बरं बाई, श्टॉप. आणि स्वतःचाही तळहात तसाच धरला. मग दोघींचा तोच खेळ सुरू झाला, आमची पंचेचाळीस मिनिटं होऊन गेली आणि पुढचं पिवळं घर रद्द करावं लागलं. ते घर अजून रुसलेलं आहे.

तिथून सांगली. हायवेचं काम, दिवाळीची गर्दी, खंबाटकीतच तासभर, धाकट्याला दोनदा उलटी. पोचलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. त्याबद्दल लिहीत नाही, लिहायला घेतलं की ते कॅलेंडरवरच्या चित्रासारखं होतं.

मामाचं घर गावभागात. माझ्या लहानपणीच्या सगळ्या दिवाळ्यांतली भाऊबीजेची रात्र तिथेच, आतल्या खोलीत ओळीने गोधड्या आणि आम्ही नऊ भावंडं, पहाटे मामी स्टोव्हवर पाणी तापवायची त्याचा आवाज. आता गेलो तर मामीने हॉलमध्ये पंखा लावला, सोफ्यावरचं कव्हर नीट केलं आणि शोकेसमधले सोनेरी काठाचे कप काढले. बशीसकट. ते कप मामाच्या साहेबांसाठी असायचे, आम्हाला हात लावायची चोरी होती. मी म्हटलं, मामी मी करते चहा, तर 'बस की गं तू, दमून आलीयेस.' तरी उठून आत गेले. गॅस लावला, आधण ठेवलं आणि साखर सापडेना. पूर्वी ओट्याखाली पितळी डब्यात असायची. आता ओटाच वेगळा, ट्रॉल्या, एकसारखे प्लॅस्टिकचे डबे. दोन उघडले, एकात रवा, एकात मीठ. 'मामी, साखर कुठंय?' तशी ती आली आणि मला हलकेच बाजूला करून म्हणाली, 'तुला नाही गावायची, पुरानंतर सगळंच बदललंय.'

२०१९चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ची. मामाकडे तळमजला बुडाला. आम्ही त्या वर्षी जूनमध्ये येऊन गेलो होतो, ऑगस्टमध्ये पाणी आलं. मी काय केलं तर पैसे पाठवले आणि रोज व्हिडिओ कॉल केला. मामी चिखलाच्या हाताने तो उचलायची, आता वाटतं कशाला करत होते मी रोज फोन. दादा मात्र पाणी उतरल्यावर पुण्याहून दोन मित्र, खराटे, फिनाईल, पाण्याचे कॅन असं सगळं घेऊन आला आणि नऊ दिवस राहिला. गाळ उपसला, फ्रिज भंगारात काढला, मामाच्या वह्या गच्चीवर एकेक पान करून वाळवल्या. दिवाळीत नातेवाईकांकडे जाऊ नका असं लिहिणारा दादा तो हाच. पोस्ट वाचून चिडले तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं नाही, आठवलं नाही इतकंच. किंवा सोयीचं नव्हतं म्हणा.

आता सांगतेच आहे तर आणखी एक. ड्युसेलडॉर्फला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल मी वर मुद्दामच काही लिहिलं नाही. त्यांचा मुलगा हॅम्बर्गला असतो, वर्षातून दोनदा येतो, फुलं आणतो, बरोबर तीनला बेल वाजवतो आणि सहाच्या आधी गेलेला असतो. मला त्या मुलाचा फार राग यायचा. माझी मुलं आणि मी सांगलीला यायचं प्रमाण अठरा महिन्यांतून एकदा आहे.

आम्ही सोनेरी कपांत चहा घेत होतो तेवढ्यात मामीचा फोन वाजला, व्हिडिओ, हनोईहून दादा. 'मामी, माझा डबा बाजूला काढलायस ना? हिला देऊ नकोस सगळं, हिच्याकडे किलोचं लिमिट असतं.' डबा काढलेला होता. चिकटपट्टीवर त्याचं नाव लिहून, फ्रिजवर. मला वेगळं पॅकिंग होतं, छान, दुकानातून आणलेल्या खोक्यात, वर भडंगाचं पाकीट.

पंचवीसला रात्री परत पोचलो. दुसऱ्या दिवशी रविवार आणि घड्याळं तासाने मागे, म्हणजे सांगली साडेतीन तासांची साडेचार तास झाली. आईला दर वर्षी हे सांगावं लागतं आणि ती दर वर्षी मला पहाटे चारला फोन करते. सोमवारपासून शाळा. संध्याकाळी लेक वरच्या मजल्यावर करंज्या देऊन आली, मैत्रिणीला सांगत होती की आम्ही सोळा ओमांकडे गेलो होतो. पंधरा, मी मनात म्हटलं, एक रद्द झालं.

माझा रिप्लाय अजून तसाच पडलाय, ओमा, बटाटे, काफे उंड कूखेन, सगळे मुद्दे बरोबर आहेत त्यातले. पुढच्या शनिवारी ग्रुपवर दादाचा फोटो आला. दिवाळी संपून नऊ दिवस झाल्यावर हा मुलांना घेऊन मामाकडे, न सांगता, डबा न्यायला. त्याचा मुलगा स्वयंपाकघरात ओट्यावर पाय सोडून बसलाय, हातात चकली, बाजूला कान तुटलेल्या कपात कोणाचा तरी अर्धा चहा. फोटोखाली काही लिहिलेलं नव्हतं.

मी फोटो झूम करून बघितला. साखर खिडकीखालच्या फळीवर आहे, डावीकडून दुसरा डबा, झाकण उघडंच राहिलेलं.