आधी कपडे दिसतात, डॉक्टर नंतर

मागच्या महिन्यात आईच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्री साडेअकराला तिला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. एक तरुण मुलगा आला, टीशर्ट, जीन्स, पायात सँडल, आणि म्हणाला आजी ब्लाउजची बटणं काढा, ईसीजी काढायचाय. आईने पदर मुठीत घट्ट धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. ७४ वर्षांची बाई. तो डॉक्टर होता, एमडी होता, पुढे त्याने सगळं फार नीट समजावून सांगितलं, पण त्या क्षणी तो डॉक्टर आहे हे तिला कशावरून कळणार? ना ॲप्रन, ना नावाची पट्टी.

लोक म्हणतात कपड्यांवर काय असतं, ज्ञान बघा. अहो, पण ज्ञान दिसतं का पेशंटला? अमेरिकेत १० मोठ्या हॉस्पिटलांमधल्या ४ हजारांवर पेशंटना वेगवेगळ्या कपड्यांतल्या डॉक्टरांचे फोटो दाखवून विचारलं होतं, २०१८ साली ते छापून आलं, निम्म्याहून जास्त लोकांनी डॉक्टरचे कपडे आपल्यासाठी महत्त्वाचे आहेत असं सांगितलं. सगळ्यात जास्त पसंती नीटनेटक्या कपड्यांवर पांढऱ्या ॲप्रनला, इमर्जन्सी आणि ऑपरेशनसाठी मात्र स्क्रब्स, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले ते साधे सैल सदरा-पायजमे, चालतील म्हणाले.

माझी लेक रेसिडेंट डॉक्टर आहे, तिचा अनुभव तर अजून वेगळा. ॲप्रन काढून वॉर्डात गेली की "ओ सिस्टर, सलाईन संपलं बघा", आणि तिच्या मागे उभा असलेला, तिच्याहून ज्युनियर इंटर्न मुलगा मात्र "डॉक्टरसाहेब". सिस्टर म्हटल्याचं तिला वाईट वाटत नाही, सिस्टर लोकांच्या जिवावर तर वॉर्ड चालतो, पण मग पेशंट औषधाचं तिचं ऐकत नाही, परत त्या मुलालाच विचारतो, हे चुकीचं आहे ना?

आता कोणी म्हणेल मग सगळ्यांना ॲप्रन सक्तीचा करा. तसंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं तुम्ही दवाखान्यात का येत नाही, तर लोक म्हणाले तिथले डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात आणि आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला. बंगांनी मग दवाखानाच गोंडांच्या घरांसारखा बांधला, नाव दिलं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. आणि हेमलकशाला डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि हाफ पँटवर पेशंट तपासत आले, माडिया लोकांचा त्यांच्यावर केवढा विश्वास! म्हणजे कपडे समोरच्या माणसाकडे बघून ठरवायचे. आमच्यासारख्या शहरातल्या म्हातारीला ॲप्रन धीर देतो तर तो घाला.

फक्त स्वच्छ घाला हो, हात जोडून सांगते. कॉलेजच्या गेटबाहेर टपरीवर ॲप्रनमध्येच वडापाव खाणारी, बाही चहात बुडवणारी पोरं मी डोळ्यांनी बघितलीयेत, आणि तीच बाही मग टाके घातलेल्या पोटावरून फिरते. इंग्लंडमध्ये सरकारी हॉस्पिटलात २००८ पासून कोपराच्या खाली काही घालायचंच नाही असा नियम आहे, पूर्ण बाही नाही, घड्याळ नाही, म्हणजे हात नीट धुता येतात. आपल्याकडे मे महिन्यात पूर्ण बाहीचा ॲप्रन, तोही एकच, हॉस्टेलवर धुवायला वेळ कुणाला आहे!

लेकीसाठी हाफ बाहीचे तीन ॲप्रन शिवायला टाकलेत, खिशावर मराठीत मोठ्या अक्षरात नाव, आधी डॉ. रविवारी नेऊन देणारे.