निरोप घेण्याची रीतसर पद्धत

आपला जन्म नेमका केव्हा झाला हे घरात कोणाला आठवत नसले, तरी शाळेत नाव घालताना गुरुजींनी तो १ जून रोजी उरकून टाकलेला असतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीच निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे ३१ मे रोजी बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या कचेऱ्यांत एकाच मुहूर्तावर अनेकांची साठी भरते, आणि म्हैसुरी पेटा, शाल व रंगीत कागदात गुंडाळलेली फळांची टोपली यांचा तुटवडा पडतो. आपला समारंभ शोभिवंत व्हावा असे वाटत असेल, तर पेटा भाड्याने देणाऱ्याला एप्रिलमध्येच गाठावे. डोक्याचे माप मात्र निवृत्तीच्या दिवशीचे द्यावे, कारण सत्काराची तारीख जवळ येते तसतसे ते वाढत जाते.

२००८ साली कर्नाटक सरकारने निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले, तेव्हा ‘आता कंटाळा आला, कधी एकदा सुटतो’ असे रोज म्हणणाऱ्यांनीच कचेरीत पेढे वाटले होते. आपणही अखेरच्या वर्षी असेच उसासे टाकत राहावे. ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे शेवटी रोख मिळतात, म्हणून ती रजा चुकूनही खर्च करू नये आणि विश्रांतीची सर्व गरज कामाच्या वेळेतच भागवावी, हे अनुभवी वाचकाला सांगायला नको.

खरी परीक्षा समारंभातच असते. भिंतीवर ‘बीळ्कोडुगे समारंभ’ असा कन्नड फलक लागतो आणि त्यावर आपले आडनाव आपल्यालाच दोनदा वाचावे लागेल अशा रीतीने लिहिलेले असते. ते दुरुस्त करण्याचा आग्रह धरू नये, कारण पगारपत्रकात ते गेली ३४ वर्षे तसेच आहे आणि पैसे बिनचूक आलेले आहेत. अध्यक्षस्थानी मंड्याहून बदलून आलेले व आपल्याला अवघे ३ महिने ओळखणारे साहेब असतात. ते आपल्या ३४ वर्षांच्या निष्कलंक सेवेविषयी अर्धा तास बोलतात, आणि निष्कलंक हा शब्द उच्चारताना आपल्याविरुद्ध निनावी अर्ज करणारे दोन सहकारी सर्वांत आधी टाळ्या वाजवतात. या वेळी त्यांच्याकडे न पाहता छताच्या पंख्याकडे पाहावे. पुढे बोलायला उठलेला प्रत्येक जण ‘यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ असे सांगतो. त्या पोकळीत, म्हणजे पंख्याखालच्या आपल्या खुर्चीवर, कोणी बसायचे यावरून आठवडाभर चाललेला वाद आपल्याला ठाऊक आहे, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नये.

उत्तराचे भाषण कोणत्या भाषेत करावे, हा आपल्या भागातला नाजूक प्रश्न आहे. आपण खात्याची कन्नड परीक्षा उत्तीर्ण होऊन सारी टिपणे कन्नडमध्ये लिहिली, चहा मराठीत घेतला आणि भांडणे दोन्ही भाषांत केली. तेव्हा न्याय करावयाचा तो दोहोंना करावा. ‘आत्मीयरे’ असा आरंभ करून साहेबांचे, शिपायाचे आणि मंडपवाल्याचे आभार कन्नडमध्ये मानावेत, आणि पत्नीने सोसलेल्या कष्टांचा उल्लेख येताच कंठ दाटून आणून मराठीवर यावे. रडताना माणसाला मातृभाषाच सुचते, हे कन्नड सहकारीही मान्य करतात. शिवाय १ नोव्हेंबर, म्हणजे कन्नड राज्योत्सवाचा दिवस, अजून पाच महिने दूर असतो, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही.

यानंतर कुंदा वाटावा. तो चांगल्या दुकानातून आणावा, कारण ३४ वर्षांच्या सेवेपैकी लोकांच्या दीर्घकाळ लक्षात राहणारा भाग तेवढाच असतो. मांडे खरोखरीचे भाजून देणारे लोक बेळगावात आहेत, तरी निवृत्तीनंतर शेती करण्याचे, पेटी शिकण्याचे व नातवंडांना गोष्टी सांगण्याचे मांडे मात्र मनातच भाजावेत, म्हणजे ते करपत नाहीत.

कार्यभार सोपवताना कपाटाची किल्ली द्यावी, पण कोणती फाईल कोठे आहे ते सांगू नये. आपल्यावाचून कचेरीचे अडते आणि दिवसातून दहा फोन येतात, असे घरच्यांना दिसले पाहिजे. फोन न आल्यास चार दिवसांनी ‘इकडून चाललो होतो’ असे सांगून स्वतःच जावे. कोणीतरी ‘सर’ऐवजी ‘काका’ म्हणेल आणि भिंतीकडेची प्लास्टिकची खुर्ची पुढे करील; ती अभ्यागतांची असली तरी आपण घरचेच आहोत असे समजून बसावे.

पुढच्या खेपा मात्र निमित्तावाचून होतात असे नाही, कारण आपल्या पेन्शनचे कागद बेंगळुरूच्या महालेखापालांकडे जाण्यापूर्वी याच कचेरीतून निघावयाचे असतात आणि सेवा पुस्तकातल्या एका जुन्या वेतनवाढीवर सही राहिलेली आहे, असे आता उघडकीस येते. ती फाईल खानापूरकडच्या त्या तरुणाकडे असते. तो नोकरीत आला तेव्हा त्याला कन्नडचे अक्षर येत नव्हते आणि खेड्यातून आलेल्या माणसांना काय सांगावे हेही समजत नव्हते. त्याला जवळ बसवून पहिले कन्नड वाक्य आपणच शिकवले होते. आपण पिशवीतून कागद काढू लागतो, तेव्हा तो उठून नमस्कार करतो, चहा सांगतो, काकूंची चौकशी करतो, फाईलवरची धूळ बोटाने पुसतो आणि अत्यंत अदबीने म्हणतो, “काका, नाळे बन्नी.” म्हणजे, उद्या या.

उच्चार अगदी निर्दोष असतो.