"यादी देऊन काय उपयोग?" म्हणणाऱ्या ताईंना

ताई, अल्झायमरच्या पेशंटला सांभाळणाऱ्यांनी मदत कुठे शोधावी यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, लगेच उत्तरही लिहिलं होतं पण ते सगळं माझीच बाजू सावरणारं झालं म्हणून पुसून टाकलं. तुमचं म्हणणं असं की सपोर्ट ग्रुप शोधा, हेल्पलाइनला फोन करा, डे केअर बघा ही यादी ज्याच्या घरी अल्झायमरचा पेशंट नाही तोच लिहू शकतो, मिस्टरांना पाच मिनिटं एकटं सोडता येत नाही तर मी फोन कधी लावू, आणि परक्यांवर टाकणं म्हणजे शेवटी हात झटकणंच.

यादीचं कबूल. पेशंट नाही हे मात्र चुकलं, बाबांना मी आणि आईने सहा वर्षं सांभाळलं. संध्याकाळ झाली की बाबा चपला घालून दाराशी, "घरी जायचंय", आणि आम्ही घरातच. हेल्पलाइनला पहिला फोन मी लावला तो बाथरूममधून, नळ सोडून, म्हणजे त्यांना ऐकू जायला नको, तर रेकॉर्डिंग सांगतंय हे दाबा ते दाबा, मग होल्डवर टाकलं आणि तेवढ्यात बाहेर कडी वाजली. फोन तसाच बेसिनवर टाकून पळालो. नंतर महिनाभर कुठे फोन म्हणून लावला नाही. हे लेखात यायला हवं होतं, नाही आलं, ती चूक माझी.

तर आता जे तेव्हाच लिहायला हवं होतं ते लिहितो. मदत शोधायचं काम तुम्ही करूच नका. तुम्हीच लिहिलंय की दीर दर रविवारी फोन करून "काही लागलं तर सांगा" म्हणतात. त्यांना हे काम द्या. पण "मदत शोधा" असं मोघम सांगितलंत तर ते चार लिंका फॉरवर्ड करून मोकळे होतील (माझ्या बहिणीने आधी तेच केलं). तिला मग मी एकच गोष्ट सांगितली, संध्याकाळी बाबांना कसं आवरायचं हे सांगणारं कोणीतरी हवंय आणि आठवड्यातून दोन तास त्यांच्याजवळ बसणारं कोणीतरी. दोन आठवडे ती फोन करत होती, होल्डवर तीच थांबली, आणि माझ्या हातात आल्या चार ओळी, कोणाला फोन, किती वाजता, कुठले कागद, काय विचारतील.

दिरांनी सुरुवात अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनलच्या साइटवरून करावी, १९८४ पासूनची संस्था आहे, देशोदेशीच्या अल्झायमर संघटना तिच्या सभासद आहेत. आपल्या देशातली संघटना सापडली की ग्रुप, डे केअर, घरी येऊन बसणारं माणूस हे तिथे विचारायचं. दुसरं डब्ल्यूएचओचं आयसपोर्ट नावाचं प्रशिक्षण साहित्य, खास सांभाळणाऱ्यांसाठी. ते त्यांनी वाचावं आणि तुम्हाला फक्त वागण्यातल्या बदलांचा भाग पाठवावा, सगळं वाचायला तुम्हाला वेळ कुठाय. आणि स्मरणशक्ती परत आणायचं औषध जिथे विकतायत त्या ग्रुपमधून तिथल्या तिथे बाहेर पडायचं.

डॉक्टरकडे मात्र तुम्हीच जाताय तर एक करा. झॅरिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली असते, पेशंटची नाही, सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे हे मोजणारी, स्कोअर ० ते ८८, आकडा जास्त तेवढा ताण जास्त. ती मागून भरा. नुसतं "थकलेय" म्हटलं की सगळे मान डोलावतात, कागदावर आकडा दिसला की निदान विषय तरी निघतो. आणि मिस्टर एक-दोन दिवसांतच एकदम जास्त गोंधळले तर ग्रुपवर विचारत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, इन्फेक्शन किंवा एखाद्या गोळीनेही असं होतं.

आता हात झटकणं. हे मलाही खूप लागायचं, आईला तर जास्तच. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मेरी मिटलमन यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास छापला, नवरा किंवा बायकोला सांभाळणाऱ्यांचाच. काही जणांना समुपदेशन दिलं, त्यात घरच्या बाकीच्यांनाही बसवलं, सपोर्ट ग्रुप जोडून दिला, आणि त्या घरांमधले पेशंट नर्सिंग होममध्ये जायची वेळ इतरांपेक्षा साधारण ३२९ दिवस पुढे गेली. मदत घेणारे हात झटकणारे असते तर उलटं व्हायला हवं होतं नां?

आमच्या चार ओळींतली एक होती एका ग्रुपची. तिथल्या एक बाई, नवऱ्याला आठ वर्षं सांभाळलेल्या, म्हणाल्या "हेच घर आहे" हे सांगणं आधी बंद करा, अंधार पडायच्या आत दिवे लावा, पडदे ओढा, आणि तरी निघालेच तर "चला" म्हणून बरोबर जा, एक फेरी मारून परत या. पहिल्या दिवशी बाबा कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, आणि दारात चपला काढताना आईला म्हणाले, "आलो बरं का घरी." रोज नाही जमायचं. आठवड्यातून तीनेक दिवस जमायचं, तेवढ्यावर आई रात्री झोपायला लागली.

रविवारची वाट बघू नका, दिरांना आजच मेसेज टाका. काय लिहायचं सुचत नसेल तर दिवसातला सगळ्यात अवघड तास कुठला तेवढं इथे लिहा, मेसेज मी करून देतो.