एसीचा गॅस संपत नसतो की ओ!

मार्च लागला की एक मेसेज गल्लीच्या, नात्यातल्या, भिशीच्या अशा सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो : एसी पंधरा वर्षं टिकवायचे उपाय. दरवर्षी गॅस भरून घ्या, आउटडोअरच्या (बाहेर बसवलेल्या युनिटच्या) मागे ओलं पोतं बांधा, दर दोन तासांनी अर्धा तास बंद ठेवा, सुरुवातीला १६ वर लावा, इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर घेऊ नका, महिन्यातून एकदा फिल्टर धुवा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण यातल्या बहुतेक गोष्टींनी एसी टिकत नाही, लवकर जातो. आणि आपल्याकडे एसी हप्त्यावर घेतलेला असतो, म्हणून मुद्दाम वेळ काढून लिहितेय.

आधी गॅस, कारण तिथं मी स्वतः फसलेय. सलग तीन उन्हाळे गॅस भरून घेतला. येणारा मेकॅनिक दरवेळी म्हणायचा, "असू द्या की ओ वहिनी, दरवर्षी भरावाच लागतोय." मला एकदाही सुचलं नाही की घरातल्या फ्रिजमध्ये आपण दरवर्षी कुठं गॅस भरतो? एसीतही तोच प्रकार आहे. तांब्याच्या बंद नळीत गॅस फिरतो, घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ.

चौथ्या वर्षी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी सिलिंडर खाली ठेवला आणि वाटीभर साबणाचं पाणी मागितलं. आउटडोअरला जिथं नळ्या जोडतात तिथल्या नटांवर तो फेस लावला. बारीक नळीवर काहीच नाही. जाड नळीच्या नटाभोवती मात्र मोहरीएवढे फुगे येत होते, फुटत होते, परत येत होते. तीन वर्षांचे पैसे तिथून जात होते! त्यांनी नळीचं तोंड कापून नवीन फ्लेअर केलं, म्हणजे नटात घट्ट बसेल असं ते पसरवलं, नायट्रोजनचं प्रेशर देऊन गळती थांबल्याची खात्री केली, पंप लावून व्हॅक्यूम केलं, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढली आणि मग काट्यावर वजन करून गॅस भरला. किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पाटीवर छापलेलंच असतं. त्याला आता तीन उन्हाळे झाले.

गळती न काढता वरचेवर गॅस भरणं नुसतं पैशाचं नुकसान नाही. परत येणारा थंड गॅसच कंप्रेसरला गार ठेवतो. तो कमी पडला की कंप्रेसर तापतो. व्हॅक्यूम न करता भरला तर नळीत हवा आणि ओल राहते, त्या ओलीनं तेल खराब होऊन आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसर आतून खातं. हल्लीच्या बऱ्याच एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो काही प्रमाणात पेट घेणारा आहे. ते काम शिकलेल्याच माणसाकडून करून घ्यायचं.

आता ओलं पोतं. आपली हवा कोरडी, कूलर छान चालतो, त्यामुळे ही कल्पना सोलापूरकराला लगेच पटते. पण कूलरची जाळी हवा जाण्यासाठी मोकळी बनवलेली असते, पोत्याची वीण घट्ट. आउटडोअर मागून आणि बाजूनं हवा ओढतो, तिथंच पोतं बांधलं तर त्याचं नाक दाबल्यासारखं होतं. एसीची टनातली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. म्हणजे मशीन आधीच जास्तीचं ओझं ओढतंय. त्यात बोअरचं जड पाणी. पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर बसतो आणि मग ब्रशनंही निघत नाही. सावली मात्र जरूर करा. वर दीड-दोन फुटांवर पत्रा किंवा चटई, चारी बाजू मोकळ्या.

दोन तासांनी विश्रांती? खोली गार झाली की साधा एसी कंप्रेसर आपोआप थांबवतो, इन्व्हर्टरवाला वेग कमी करतो. कंप्रेसरला सगळ्यात जास्त ताण सुरू होताना असतो, आपण तोच वाढवतो. बंद केलाच तर लगेच चालू करू नका, तीन मिनिटं जाऊ द्या; नळ्यांतलं प्रेशर समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

१६ वर लावल्यानं दीड टनाचा एसी दोन टनाचा होत नाही. तापलेली खोली असताना २४ वर लावला तरी तो पूर्ण जोरानंच चालतो. फरक एवढाच की १६ गाठायच्या नादात तो थांबतच नाही. एकेक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. २०२० पासून नवीन एसी २४ वरच सेट होऊन येतात ते त्यामुळेच.

स्टॅबिलायझरचं एका वाक्यात उत्तर नाही. मॅन्युअलमध्ये व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात रात्री दहाला, सगळ्यांचे एसी चालू असताना, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. मर्यादेबाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर घ्याच, कारण सर्किट बोर्ड जळाला तर खर्च त्याहून मोठा.

राहिला फिल्टर. मेसेजमधला हा एकच सल्ला बरोबर, पण आपल्या गावाला महिना फार झाला. आमच्या अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागांवरचा सुताचा तूस हवेत असतोच. आठ दिवसांनी फिल्टर काढला तर टॉवेलच्या कापडासारखा मऊ करडा थर अखंड सोलून निघतो. जुळे सोलापूरला नुसती धूळ आहे, तिथं पंधरा दिवस चालतील. साध्या पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा.

आणि ज्यांनी यंदा पोतं बांधलंय त्यांनी आधी मेन स्विच बंद करून ते सोडा. आउटडोअरच्या मागच्या पातळ पत्र्यांवर मऊ ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नको, पत्रे वाकतात. पांढरा थर दिसलाच तर खरवडू नका, सर्व्हिसिंगवाल्याला दाखवा.