साहेबाची द्राक्षं

फेब्रुवारी लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दादाचा मेसेज ठरलेला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. राहतो नाशिकला गंगापूर रोडवर, करतो वकिली, आणि शेतीबद्दलची मतं शेती न करणाऱ्याला शोभतील इतकी ठाम. यंदाचा मेसेज असा: "पिकवायचं आपण, चांगलं ते साहेबाच्या ताटात, आणि नाशिककराला निमाणीच्या गाडीवरचे गळके मणी." खाली मला टॅग करून, "काय साहेबीणबाई, गोड लागतात ना?"

मी राहते बारेन्द्रेख्तला, रॉटरडॅमच्या दक्षिणेला, आणि कामाला आहे फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, क्वालिटी कंट्रोलला. दादा ज्या द्राक्षांवरून गळा काढतो त्यांतल्या काही कंटेनरांचं दार उघडतं तेव्हा समोर मीच उभी असते. त्यामुळे टोमणा लागायचा तिथे लागला.

आधी 'चांगलं' कशाला म्हणायचं ते ठरवू. खरेदीदाराच्या कागदावर मण्याचा आकार असतो, रंग एकसारखा हवा असतो, देठ हिरवा हवा, डाग नको. गोडीची किमान मर्यादा असते, पण ती एकदा गाठली की पुढे कुणी विचारत नाही. उन्हानं पिवळसर झालेला, साखर भरून आलेला घड इथल्या शेल्फवर चालत नाही, हिरवट लागतो. तो पिवळा घड जातो तिकडच्या लोकल बाजाराला. म्हणजे दादा, तुझ्याकडेच येतो. निमाणीला तू पाव किलो घ्यायच्या आधी चार मणी तोंडात टाकतोस, भावही पाडतोस. इथे आल्बर्ट हाईन सुपरमार्केटमध्ये पनेटची, म्हणजे प्लास्टिकच्या डबीची, फिल्म फोडून मणी खाऊन दाखव, मग बोलू.

आणि ताजेपणाचं म्हणशील तर मागच्या सीझनला मी दुकानातून भारताचं लेबल असलेलं पनेट आणलं आणि लॉट नंबरावरून खुड्याची तारीख काढली. ग्रुपवर फोटो टाकला. दादानं लगेच विचारलं, किती दिवसांची? म्हटलं, छत्तीस. "मग उरलेलं तर तुलाच मिळालं की." आई रात्रीची भाजी सकाळी शिळी म्हणून मोलकरणीलाही द्यायची नाही. तिला हा आकडा मी सांगितलेला नाही.

छत्तीस दिवसांचं द्राक्ष करकरीत कसं राहतं, यात साहेबाची जादू काही नाही. द्राक्ष आंब्यासारखं तोडल्यावर पिकत नाही. खुडताना जेवढं गोड तेवढंच गोड, पण ते श्वास घेत असतं आणि स्वतःची उष्णता सोडत असतं. म्हणून खुडा सकाळी उरकायचा, पॅकहाऊसला आणून घडाच्या पोटातली शेतातली गरमी प्रीकूलिंगला काढायची, पेटीत गंधकाचा पेपर ठेवायचा, मग माल रिफरमध्ये, म्हणजे थंड हवेच्या कंटेनरमध्ये, चढवायचा आणि न्हाव्हा शेव्याचा रस्ता धरायचा. रिफर म्हणजे चाकावरचा फ्रिज अशी घरी सगळ्यांची समजूत आहे. तसं नसतं. तो थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करत नाही. गार हवा खालच्या खाचांच्या फरशीतून वर येते आणि पेट्यांमधून फिरते. पेट्या चुकीच्या रचल्या की ती वाटेतल्या वाटेत परत जाते आणि मधला पॅलेट, म्हणजे पेट्यांचा थर, आत शिजत बसतो. तापमानाचा आकडा शून्याच्या आसपास धरायचा. फ्रोजन भेंडीचा वजा अठराचा हिशेब इथे चालत नाही, तिथे द्राक्षाचा बर्फ होईल.

गंमत बघा, निफाडचा पारा घसरला की आपल्या पेपरात पहिल्या पानावर बातमी, आणि आमचे काका रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, कारण थंडीनं मणी तडकतात. तोच मणी खुडला की त्याला थंडीच लागते.

२०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बोटी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागल्या. प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. त्या सीझनला रॉटरडॅम बंदराच्या मासव्लाक्ते धक्क्यावरून येणारा प्रत्येक कंटेनर उघडताना आमचा श्वास अडकायचा. गावाकडे मात्र ग्रुपवर चर्चा एकच: आपल्याला वाळकी द्राक्षं का?

दादाच्या बोलण्यात एक काडी खरी आहे, ती मी त्याला देत नाही, इथे लिहिते. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपले कंटेनर अडवले. छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला मारायचं ते औषध. जिल्ह्यात हाहाकार झाला, कर्जं थकली. पारावर बोललं काय गेलं? युरोपचं कारस्थान. तीच द्राक्षं आपण घरी मुलांना खाऊ घालत होतो, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. आज निर्यातीच्या प्लॉटचं सँपल लॅबला जातं. निमाणीच्या गाडीवरचं सँपल नेताना मी कुणाला पाहिलं नाही. दादा, भांडायचंच तर यावर भांड, मी तुझ्या बाजूनं उभी राहते. पण वीस रुपये जास्त मोजायची वेळ आली की तू पुढच्या गाडीकडे वळतोस. इथला माणूसही फार थोर आहे असं नाही, तो बोनसचं, म्हणजे सवलतीचं, लेबल असेल तेच उचलतो. फक्त लॅबचा खर्च त्या लेबलात आधीच धरलेला असतो.

इतकं सगळं ठसक्यात लिहिलं खरं, आता दुसरी बाजू.

तीन वर्षांपूर्वी एक कंटेनर आला. दार उघडलं तेव्हा नेहमीचा गंधकाचा बारीक वास नव्हता, आंबूस वास होता. वरच्या पेटीतला घड उचलला तर मणी पेटीतच राहिले, हातात नुसता तपकिरी देठ. लॉगर, म्हणजे वाटेतलं तापमान नोंदणारं यंत्र, काढून बघितला: पहिल्याच दिवशी सहा अंश, नंतरही शून्याच्या जवळ कधी गेला नाही. माल गरमच भरला होता. पेटीवरच्या नोंदणी क्रमांकावरून गाव कळलं. आमच्या शेजारचं, शिवेला शीव. मी फोटो काढले, टक्केवारी लिहिली, खाली सही केली. माल पाठवणाऱ्यावर नुकसानभरपाईचा क्लेम लागला.

आठवड्यानं काकांचा फोन. इकडचंतिकडचं बोलून झालं, मग म्हणाले, "त्यो कागद तू लिहिला का गं?" हो म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं असंल तर लिहायलाच पाहिजे." पण 'असंल' हा शब्द माझ्या कानात राहिला. बाजार पडला की चांगल्या मालालाही खोटे क्लेम लावणारे इथे आहेत, हे काकांना ठाऊक आहे, मलाही आहे. त्या दिवशी मी त्यांतली नव्हते. पण सही होती डच कंपनीच्या कागदावर, आणि तिच्या वर वाचलेलं नाव होतं आमच्या गावाकडचं.

दादाला मी वर्षाला पानभर उत्तरं देते ती कदाचित म्हणून. आमची आणि तुमची असं तो म्हणतो तेव्हा मी कुठल्या खान्यात पडते, ते त्यानं ठरवलेलं आहे. मी अजून नाही.

गेल्या खेपेला सुट्टीत काकांच्या प्लॉटवर गेले होते. सकाळचं धुकं होतं, पानं ओली. काकांनी कात्रीनं एक पिवळा पडलेला घड उतरवला, हातात दिला. मी सवयीनं तो उलटा केला, देठ बघितला, मणी बोटानं हलवून बघितला.

काका म्हणाले, "तपासती काय? खा की."