कोंबडं झाकणाऱ्यांचे सात सुवर्णनियम

मंगळवारी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती पिशव्या शिवून ऑनलाइन विकते. एका ग्राहक बाईंनी तिच्या पेजवर लिहिलं होतं की पिशवीचा बंद पंधरा दिवसांत उसवला. सोबत फोटोही होता. बहिणीने कमेंट उडवली आणि बाईंना ब्लॉक केलं. बाई तयारीच्या निघाल्या. कमेंट टाकल्या टाकल्या त्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. तो त्यांनी स्वतःच्या खात्यावर लावला आणि वर एकच ओळ लिहिली: "तक्रार केली तर हे असं करतात." रात्रीपर्यंत त्याखाली ही झुंबड. मी एकेक कमेंट वाचत गेले. उसवलेल्या बंदाबद्दल कोणी बोलतच नव्हतं, सगळा राग ब्लॉक केल्याचा होता.

"हे तुला सुचवलं कोणी?" मी विचारलं.

"अगं ताई, तो मेसेज नव्हता का आला, सात सुवर्णनियमांचा? तूच तर अंगठा दिला होतास त्यावर."

दिला होता, न वाचता. त्यामुळे हे लिहिण्याची जबाबदारी थोडीफार माझ्यावरच येते.

मेसेज तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेल. त्याचा सारांश असा: वाईट कमेंट दिसताक्षणी डिलीट करा. माफी कधीच मागू नका, माफी म्हणजे कबुली. वाद पेटला तर गप्प बसा, ४८ तासांत लोक विसरतात. वाईट प्रसिद्धी असं काही नसतंच. रोज पाच पोस्ट टाका, जो ट्रेंड असेल त्यावर स्वार व्हा. ओळखीच्यांकडून पाच-पाच तारे मिळवून ठेवा. आणि पेज सांभाळायला एखादं चुणचुणीत कॉलेजातलं पोरगं ठेवा. खाली जोडलेले हात आणि "प्रत्येक उद्योजकापर्यंत पोहोचवा".

डिलीट करा, ब्लॉक करा

सगळ्यात जास्त नुकसान करणारा नियम हाच, म्हणून याच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. इंटरनेटवर तर झाकणाऱ्याचा हातच आधी दिसतो. २००३ साली गायिका बार्बरा स्ट्रायसँडने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची छायाचित्रं काढणाऱ्या एका छायाचित्रकारावर पाच कोटी डॉलरचा दावा लावला. किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी काढलेल्या सुमारे बारा हजार छायाचित्रांत एक तिच्या घराचं होतं, ते काढून टाका ही मागणी. दाव्याआधी ते छायाचित्र सहा वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातलेही दोन डाउनलोड तिच्याच वकिलांचे. दाव्याची बातमी आल्यावर पुढच्या महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक ती साइट पाहून गेले. दावा ती हरली तो हरलीच. अशा प्रकाराला पुढे तिचंच नाव पडलं, 'स्ट्रायसँड इफेक्ट'.

ती एकटी बाई होती असं म्हणाल तर नेस्लेचं उदाहरण घ्या. मार्च २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने नेस्लेच्या किटकॅट चॉकलेटवर एक व्हिडिओ काढला. पाम तेलासाठी इंडोनेशियातली जंगलं तोडणाऱ्यांकडून कंपनी माल घेते, हा आरोप. नेस्लेने कॉपीराइटचं कारण काढून तो यूट्यूबवरून उतरवायला लावला. लोकांनी तो दुसरीकडे चढवला. मग लोक कंपनीच्या लोगोची मोडतोड करून तो प्रोफाइल फोटो म्हणून लावू लागले आणि फेसबुक पेजवर लिहू लागले, तेव्हा पेज सांभाळणाऱ्याने बजावलं की असे लोगो लावून लिहाल तर कमेंट उडवल्या जातील. कोणी हटकलं तर त्याला टोमणेही मारले. पाम तेल कुठून येतं यात ज्यांना काडीचा रस नव्हता, तेही आता भांडायला आले. दोन महिन्यांनी, मे महिन्यात, नेस्लेने जंगलतोडीशी संबंध असलेले पुरवठादार गाळायचं जाहीर केलं आणि त्या कामासाठी एका बाहेरच्या संस्थेला सोबत घेतलं. म्हणजे शेवटी करायचं ते केलंच, पण आधी नाक कापून घेऊन.

माझ्या बहिणीच्या बाबतीत हेच झालं, फक्त आकार लहान. "शिलाई कच्ची आहे" ही मालाबद्दलची तक्रार होती. कमेंट उडवल्यावर ती माणसाबद्दलची झाली. पिशवी बदलून देता येते. "ही बाई तोंड दाबते" हे कशाने बदलून देणार?

शिवाय तक्रारीखालचं उत्तर एकट्या तक्रारदारासाठी नसतंच. पेजवर शंभर जण न बोलता वाचत असतात. त्यांतल्या कोणाला तरी उद्या पिशवी घ्यायची असते आणि आपल्यालाही असं झालं तर या बाई काय करतील, ते त्याला बघायचं असतं. सगळी स्तुतीच असलेलं पेज बघून तो उलट सावध होतो.

एक कबूल करते. शिव्या, धमक्या, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता, जातीधर्मावरून गरळ, कर्जाच्या जाहिराती: हे उडवा, बेलाशक उडवा. पण काय उडवलं जाईल ते पेजवर आधीच लिहून ठेवा आणि उडवण्याआधी स्वतःही स्क्रीनशॉट काढून ठेवा. "तुमचा माल टुकार आहे" ही शिवी नव्हे. टोचतं म्हणून ते शिवीत मोडत नाही.

माफी म्हणजे कबुली

हा नियम लिहिणाऱ्याला बहुधा कोणी वकील भेटला असावा, आणि त्या वकिलाचं त्याने अर्धंच ऐकलं असावं.

संकटात कंपनीने लोकांशी कसं बोलावं या विषयावर ज्यांच्या अभ्यासाचा आधार जगभर घेतला जातो त्या टिमथी कूम्ब्स यांनी २००७ साली संकटांची सरळ विभागणी मांडली. एका प्रकारात कंपनी स्वतःच बळी असते: अफवा, नैसर्गिक आपत्ती, बाहेरच्या कोणी केलेला घातपात. दुसऱ्यात हेतू नसताना काही बिघडतं, म्हणजे यंत्र बंद पडलं, तांत्रिक दोष निघाला. तिसऱ्यात टाळता आलं असतं पण टाळलं नाही. लोक तुम्हाला जितकं जबाबदार धरतात तितकं तुमचं उत्तर नमतं हवं, हे त्यांचं मुख्य म्हणणं. अफवा असेल तर पुराव्यानिशी ठामपणे नाकारा, तिथे माफीचा प्रश्नच नाही. टाळता येण्यासारखी चूक असेल तर माफी आणि भरपाई, दुसरा रस्ता नाही. आधीची अशीच प्रकरणं नावावर असतील तर लोक तुम्हाला आणखी जबाबदार धरतात. आणि या सगळ्याच्या आधी, अब्रूचा विचार करण्याच्याही आधी, लोकांना सांगायचं की आत्ता त्यांनी स्वतःला जपण्यासाठी काय करावं: ही वस्तू वापरू नका, पासवर्ड बदला, इथे परत करा.

म्हणजे 'कधीच' हा शब्दच चूक. 'नेहमी मागा' म्हणणाराही चूकच. आपण कोणत्या खणात आहोत ते आधी बघायचं.

खण ओळखायला चुकलं की काय होतं ते युनायटेड एअरलाइन्सने ९ एप्रिल २०१७ ला दाखवलं. शिकागोहून निघणाऱ्या विमानात स्वतःच्या चार कर्मचाऱ्यांना जागा हवी म्हणून बसलेल्या प्रवाशांना उतरायला सांगितलं. एक जण उठेना, तर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांनी त्याला ओढत बाहेर काढलं, तोंडातून रक्त येत असताना. आजूबाजूच्यांचे फोन चालू होतेच. दुसऱ्या दिवशी कंपनीचे प्रमुख ऑस्कर म्युनोझ यांनी दिलगिरी व्यक्त केली ती कशाबद्दल? प्रवाशांची "दुसरीकडे सोय" करावी लागली याबद्दल! त्याच दिवशी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रवाशालाच भांडखोर ठरवलं, आणि ते पत्र बाहेर फुटलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. खरी माफी तिसऱ्या दिवशी आली. महिना संपण्याआधी प्रवाशाशी तडजोड झाली आणि स्वखुशीने जागा सोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत मोबदला देण्याचं धोरणही आलं. तेच तीन वाक्यांत पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?

आता वकिलाच्या उरलेल्या अर्ध्याबद्दल. कोर्टकचेरीची शक्यता असेल तर शब्द जपून वापरावे लागतात, हे खरं. कोणी जखमी झालं असेल तर आधी वकिलाला विचारा. पण माफी मागितली की खटला हरलाच, ही समजूत कायदेमंडळांनीच कित्येक ठिकाणी मोडून काढली आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली खास माफीचा कायदा केला, हाँगकाँगने २०१७ मध्ये. दोन्हीकडे निव्वळ माफी ही दोषाची कबुली धरली जात नाही. आणि उसवलेल्या बंदासाठी कोणता खटला उभा राहणार आहे, ते मला तरी सुचत नाही.

"कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे मात्र माफीत धरू नका. त्या 'तर'मध्ये सगळी चोरी असते. काय चुकलं, कोणाचं नुकसान झालं, आता काय करतोय, कधीपर्यंत करतोय. एवढं असलं की बाकी विशेषणं नकोत.

४८ तास गप्प बसा

अर्धसत्य आहे, नाइलाजाने मान्य करते. कोणा एका खात्याने काही तरी खरडलं, त्याला ना लाइक ना उत्तर, तर त्यावर जाहीर निवेदन काढणं म्हणजे आपणच दवंडी पिटणं. तिथे खाजगीत उत्तर द्या आणि कामाला लागा.

पण पेटलेल्या गोष्टीत हे चालत नाही. एप्रिल २००९ मध्ये डोमिनोजच्या अमेरिकेतल्या एका शाखेतल्या दोन कर्मचाऱ्यांनी पदार्थांशी घाणेरडे चाळे करतानाचा व्हिडिओ टाकला. कंपनीत सुरुवातीला वाटलं की आपण गाजावाजा नको करायला, आपोआप निवेल. दोन दिवसांत तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला. मग कंपनीच्या अमेरिकेतल्या व्यवसायाच्या प्रमुखांनी त्याच यूट्यूबवर येऊन माफी मागितली. जिथे आग लागली तिथेच पाणी नेलं हे बरोबर केलं, पण बैल गेला आणि झोपा केला.

याच्या उलट गिटलॅब, प्रोग्रामरांना त्यांचा कोड ठेवायला जागा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. याहून लाजिरवाणं काय असेल? त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांना वाचता येतील अशा कागदावर उघड ठेवल्या, काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि साधारण सहा तासांचा डेटा गेलाय हे स्वतःच सांगितलं. ग्राहक चिडले, पण काय चाललंय ते त्यांना दिसत होतं, त्यामुळे अफवेला जागा उरली नाही.

पूर्ण माहिती नसेल तर तेवढंच सांगा: "कळलं आहे, तपासतोय, संध्याकाळी सहाला पुन्हा लिहितो." आणि सहाला खरंच लिहा, सांगण्यासारखं काही नसलं तरी.

उरलेले चार, भराभर

वाईट प्रसिद्धी असं काही नसतं म्हणे. गंमत म्हणजे याला थोडा आधार आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं की न्यूयॉर्क टाइम्समध्ये वाईट परीक्षण आल्यावर अनोळखी लेखकांच्या पुस्तकांची विक्री वाढली. प्रस्थापित लेखकांची मात्र घटली. म्हणजे तुम्हाला कुत्रंही ओळखत नसेल तर फायदा. पण पुस्तक कंटाळवाणं असणं वेगळं आणि मालाने कोणाला इजा होणं वेगळं.

ट्रेंडवर स्वार व्हा. फेब्रुवारी २०११ मध्ये कैरोत लोक रस्त्यावर उतरले होते, तेव्हा केनेथ कोल या फॅशनवाल्याने ट्विट केलं की हा गोंधळ आमचं नवं कलेक्शन आल्यामुळे असेल. तीन वर्षांनी डिजोर्नो या पिझ्झा ब्रँडने घरातल्या मारहाणीबद्दल बायका बोलत होत्या तो हॅशटॅग न वाचताच स्वतःच्या जाहिरातीला लावला. निदान त्यांनी नंतर एकेकीला वेगवेगळं लिहून माफी मागितली. हॅशटॅग उघडून वाचायला अर्धं मिनिट लागतं. आणि रोज पाच पोस्ट टाकणाऱ्याला तेच अर्धं मिनिट मिळत नाही.

ओळखीच्यांचे तारे म्हणजे खोटी साक्ष. अमेरिकेत २०२४ च्या ऑक्टोबरपासून खोटे रिव्ह्यू लिहवून घेणं किंवा विकत घेणं यावर दंडाची तरतूद असलेला नियम लागू आहे. मावसभावाने "अप्रतिम सेवा" लिहिलं आणि त्याचं आडनाव तुमचंच असलं, तर तेही लोकांना दिसतं.

राहिलं कॉलेजातलं पोरगं. पोराला नावं ठेवत नाही, हाताखाली पोरं कामाची असतात. पण संकटात बोलायचा अधिकार आणि खात्याच्या चाव्या कोणाकडे, हे मालकाला माहीत हवं. जानेवारी २०१३ मध्ये एचएमव्ही या ब्रिटिश संगीतविक्रेत्याने कर्मचाऱ्यांना काढायला सुरुवात केली, तेव्हा काढल्या जाणाऱ्यांच्याच हातात कंपनीचं ट्विटर खातं होतं. त्यांनी तिथून थेट प्रक्षेपण केलं. आमचे मार्केटिंग प्रमुख "ट्विटर बंद कसं करायचं" विचारताहेत, हेही जगाला कळवलं.

बुधवारी सकाळी बहिणीने बाईंना अनब्लॉक केलं आणि त्यांच्याच पोस्टखाली लिहिलं: "तुमची कमेंट मी उडवली, ते चुकलं. बंदाची शिलाई एकेरी होती, त्या खेपेतल्या सगळ्या पिशव्या परत मागवतेय, दुहेरी शिलाई घालून पाठवेन. कुरिअरचा खर्च माझा." बाईंनी फक्त "ठीक आहे" लिहिलं. पोस्ट काढली नाही, आणि बहिणीने ती काढा म्हटलंही नाही. परवापर्यंत अकरा पिशव्या परत आल्या होत्या. त्यांतल्या तिघींनी तर आमचा बंद धड आहे, तरी पाठवतोय, असं कळवलं होतं.