अक्रोडाच्या हिरव्या सालीचा काढा : एका दाव्याचा प्रतिवाद

‘अक्रोडाची हिरवी साल आणि पाने यांत गरापेक्षा अधिक अँटिऑक्सिडंट असतात, त्यांचा काढा रोज घेतल्यास कर्करोग होत नाही आणि नैसर्गिक असल्याने अपायही होत नाही’, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरत आहे. आपल्या बाजारातील अक्रोडावर ही साल नसतेच, कारण काश्मीरमध्ये सप्टेंबरच्या सुमारास काढणी झाल्यावर ती उतरवूनच फळे वाळवली जातात. त्यामुळे या मजकुराने फावते ते सालीची पूड विकणाऱ्यांचे.

पहिले विधान अर्धवट खरे आहे. पानांत क्वेर्सेटिनची संयुगे आणि कॅफिओइलक्विनिक आम्ले ही अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंना निष्प्रभ करणारी द्रव्ये आढळतात, सालीतही अशीच फिनॉलिक द्रव्ये असतात. मात्र गरातील अशी बहुतेक द्रव्ये त्यावरच्या पातळ तपकिरी पापुद्र्यात असल्यामुळे, तुलना पापुद्र्यासकट गराशी केली की सोललेल्या गराशी, हे सांगितल्याशिवाय ‘अधिक’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

कर्करोगाचा दावा परीक्षानळीतून थेट शरीरात उडी मारतो. प्रयोगशाळेत डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण अर्कामुळे किती फिके पडते, हे मोजले जाते; जितके फिके, तितकी अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता अधिक. पोटात गेलेली एलॅजिटॅनिने (अक्रोडातील एक प्रकारची फिनॉलिक द्रव्ये) मात्र जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत, आतड्यातील जिवाणू त्यांपासून युरोलिथिने ही वेगळीच संयुगे बनवतात आणि तेही प्रत्येकाच्या बाबतीत सारखे घडत नाही. अशा नळीतल्या आकड्यांचा गैरवापर होऊ लागल्यामुळेच अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांची नळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता मांडणारा आपला ‘ओरॅक’ तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. अँटिऑक्सिडंट म्हणजे कर्करोगाला अटकाव, हे समीकरणही टिकत नाही : फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिले असता फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले.

‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे विधान सर्वांत घातक आहे. हिरव्या सालीतील जुग्लोन हे द्रव्य शेजारच्या अनेक वनस्पतींची वाढ खुंटवते, अक्रोड सोलणाऱ्यांचे हात काळे करते आणि काहींच्या त्वचेचा दाह करते. पेशींत ते ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू निर्माण करू शकते, म्हणजे ज्यांचा नायनाट करण्यासाठी काढा घ्यायचा, त्यांचीच भर घालते. असा काढा रोज किती घ्यावा, याचे प्रमाण तो मजकूर सांगत नाही, आणि ते ठरवण्याइतका मानवी चाचण्यांचा आधारही त्यामागे नाही.

गराची गोष्ट वेगळी आहे. रोज ३० ग्रॅम अक्रोड खाल्ल्याने रक्तवाहिन्यांची लवचिकता सुधारण्यास मदत होते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये मान्य केला. तो सालीबद्दल किंवा पानांबद्दल नव्हता.